बाळाकाकांचा निळा

बाळाकाकांनी चित्रात काढलेलं पिकलेलं केळंसुद्धा निळं असायचं. टोमॅटो निळा, गिरणीची चिमणी निळी, आणि आमच्या शेजारच्या इंदूमावशी तर अशा निळ्या, की बघणाऱ्याने डॉक्टरच बोलवावा. रंग एकच; बाकी सगळं काम पाण्याचं. थोडं पाणी घातलं की ढग, आणखी घातलं की धुकं, त्याहून घातलं की कागदावर काही आहे की नाही याचीच शंका.

काका गिरणीच्या ऑफिसात कारकून. पन्नाशीचे, एकटे. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत उन्हं उतरली की गॅलरीत पाट टाकून बसायचे. समोर पाण्याचा पेला, मांडीवर ऑफिसातले पाठकोरे कागद. नळावर भांडण जुंपलं तर मान वर न करता म्हणायचे, "रंग गडद झालाय, पाणी घाला." भांडण राहायचं बाजूला, दोन्ही बाया त्यांच्यावरच उलटायच्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत चाळीतल्या पोरांनी मोर्चासाठी त्यांना नकाशा रंगवायला दिला. काका तीन दिवस खपले. मोर्चाच्या सकाळी कापड उलगडलं, तर रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत सगळं निळंशार!

"अहो काका, मुंबईसकट महाराष्ट्र मिळवायचाय! तुम्ही अख्खा समुद्रात बुडवलात!" इंदूमावशींचा दत्तू किंचाळला.

"नीट बघ रे. समुद्र कोरा ठेवलाय."

दुसरं कापड आणायला वेळ कुठे होता? पोरं तोच नकाशा घेऊन गेली. वाटेत लोक म्हणे विचारत होते, हे कुठलं तळं?

तर अशा माणसाला माझ्या वडिलांनी माझं चित्र काढायला सांगितलं. कारण सांगते, त्यात लपवायचं काय! मी काळी. घरचे सावळी म्हणायचे, मध्यस्थ निमगोरी म्हणायचे, आणि बघायला आलेले पोहे खाऊन "कळवतो" म्हणायचे. कळवलं एकानेही नाही. फोटोत तर माझे नुसते दात दिसायचे.

काकांनी मला गॅलरीत बसवलं. चित्र झालं, मी हातात घेऊन पाहिलं. नाक माझं, हट्टी हनुवटी माझी, पण संध्याकाळच्या पाण्यात दिसावी तशी. मी इतकी सुंदर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी स्वयंपाक करतानाही तरंगतच होते. आमटी दोनदा करपली.

चित्रावर खूश होऊन दादरचं स्थळ आलं. मुलाच्या आईने मला बघितलं, मग चित्राकडे बोट केलं. "यात रंगच कळत नाही. फसवणूक आहे ही." आणि पोह्यांना हात न लावता ती मंडळी निघून गेली.

मी तरातरा काकांच्या खोलीत. "तुमच्यामुळे झालं हे! बाजारात दुसरे रंग मिळत नाहीत? आहे तशी का नाही काढलीत मला?"

"आहेस तशीच काढली," काका म्हणाले. ब्रश पाण्यात बुडवला. "मुलगा काही बोलला का गं?"

"कसला बोलतोय! आईमागोमाग निमूट उठला."

"मीही उठलो होतो. गिरगावात. मला आवडली होती गं ती. पण आई म्हणाली, काळी आहे, चल."

माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. ज्याला चार शब्द सुनावावेत असा नवरामुलगा समोर बसला होता, पण मिशा पिकलेला. काय सुनावणार?

"या रंगात गोरं-काळं नसतं," ते म्हणाले. "मला एवढंच जमलं."

मग एकदम, लहान आवाजात, "ती विसरली असेल ना गं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण आजवर येऊन गेलेल्या प्रत्येकाचे पाय मला आठवत होते. मान खाली घालून बसल्यावर दुसरं काय दिसणार?

"नाही, काका," मी म्हटलं, आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.