गुलाबरावांचा समुद्र

माझी मुलगी बारावी पास झाली तेव्हा मी पेढे घेऊन शेजारी गुलाबरावांकडे गेलो. त्यांनी दोन पेढे खाल्ले. तिसरा कागदी पाकिटात घातला, पाकिटावर तारीख, वार आणि माझं नाव लिहिलं, मेणबत्ती पेटवली आणि त्यावर लाखेचं सील मारलं.

"हे कायले?" मी विचारलं.

"पेढा चांगला हाय, राऊत भाऊ. पण उद्या काही झालंच तं पुरावा पायजे."

काही झालं नाही. पण घरी येऊन मी उरलेल्या पेढ्यांचा वास घेतला, हे कबूल करतो. गुलाबरावांजवळ पाच मिनिटं बसलं की माणसाला स्वतःच्या हातचा चहाही संशयास्पद वाटू लागतो.

ते मूळचे किन्हीराजाचे, आता आमच्या वाशीमच्या कॉलनीतले. कृषी खात्यात बियाणं तपासण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. दुकानात जायचं, पोतं उघडायचं, तीन नमुने काढायचे, सील मारायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. नोकरी संपली, तपासणी चालू राहिली. दूधवाल्यासमोर ते दुधात काचेची नळी बुडवतात. किराणा दुकानातून मूग आणले की त्यातले शंभर दाणे ओल्या पोत्यात ठेवून किती उगवले ते मोजतात. सत्तरच्या खाली आले तर परत नेतात. दुकानदार म्हणतो, "साहेब, हे खायाचे हायेत, पेरायचे नाई." गुलाबराव म्हणतात, "ज्याच्यात जीव नाई ते पोटात जाऊन काय करनार?"

बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती मुलगी वैशाली नाशिकला असते. ती दर सुट्टीत या म्हणते, आणि दर सुट्टीला गुलाबरावांचं उत्तर एकच: "घर कोनाच्या भरोशावर सोडू?" कॉलनीतली सगळी घरं त्यांनी तपासून पाहिली होती. एकाही घराबद्दल त्यांची खात्री झाली नव्हती. आमच्या घराबद्दलही नाही.

गेल्या वर्षी वैशालीनं त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. समुद्राच्या तळाशी जांभळे, हिरवे दगड, त्यांना फुटलेले कोंब आणि त्यांतून फिरणारे मासे. गुलाबरावांनी तो मला अकरा वेळा दाखवला.

"हे कॉम्प्युटरवर बनवेल हाय."

"वैशाली तं खरं हाय म्हणते."

"तिनं तपासलं का? दगड कुठं जिता राह्यते का? समुद्र म्या पाह्यला हाय, भाऊ. ट्रेनिंगले नेलं होतं कोकणात. अर्धा घंटा उभा होतो. वरचं पानी दाखवलं. आत काय हाय ते कोनी दाखवलं नाई. माही खात्री झाली नाई."

आणि समुद्राचा नमुना काढायचं त्यांनी ठरवलं.

हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते इतरांना कळलं तसंच, तुकड्यातुकड्यानं. नागपूरहून तीन फुटी काचेची टाकी आली. मग पांढऱ्या पावडरच्या बादल्या आल्या. मग त्यांच्या हॉलच्या खिडकीतून दिवसभर निळा उजेड दिसू लागला. कॉलनीत तीन मतं होती. एक, गुलाबराव औषधं बनवतात. दोन, चोरून कसली तरी झाडं लावतात. तिसरं मत माझ्या बायकोचं, मंगलाचं: "एकट्या मानसाचं डोकं असंच फिरते."

त्यातच ते रोज सकाळी गच्चीत उभे राहून एक छोटी दुर्बीण डोळ्याला लावू लागले. समोरच्या गच्चीवर बायका वाळवण घालतात. दोन दिवसांत तक्रार माझ्याकडे आली, कारण शेजार माझा. मी जाऊन दुर्बीण मागितली आणि डोळ्याला लावली. आत ना गच्ची, ना बाई. नुसता निळा रंग, खाली पांढरा आणि मधल्या रेषेवर आकडा, पस्तीस.

"पान्यातलं मीठ," गुलाबराव म्हणाले. "थेंब टाकून उजेडाकडं धरा लागते. सकाळचा उजेड त्याच बाजूनं येते, त्याले मी काय करू?"

माझा स्वतःचा संशय वेगळाच होता. मी पाटबंधारे खात्यात आहे. तलावाची पातळी सेंटिमीटरमध्ये लिहिणं हे माझं काम. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो, आणि गुलाबरावांच्या मागच्या भिंतीतून एक नळी सारखी गटारात गळत होती. मी त्या नळीखाली पंधरा लिटरची बादली लावली. एकेचाळीस मिनिटांत भरली. तासाला बावीस लिटर. हिशेब कागदावर लिहून मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

"मशीन पानी साफ करून राह्यलं," ते म्हणाले. "एक लिटर चांगलं निंगाले तीन लिटर जाते."

"आन् त्या चांगल्या पान्याचं करता काय?"

"त्यात मीठ घालतो."

मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं की पातेल्याला पांढरा थर चढतो. अख्खी कॉलनी तो क्षार काढायला मशीन लावते. हा माणूस तो काढून त्यात पुन्हा बादलीभर मीठ घालत होता, तेही काट्यावर तोलून. ते मीठ नाही, त्यात बारा गोष्टी असतात, असं त्यांनी मला बारा बोटं दाखवायच्या आविर्भावात समजावलं. गटारात जाणारं पाणी मात्र त्यांनी त्याच दिवसापासून पिंपात घेतलं आणि पिंप भांडी घासायला कॉलनीला मोकळं केलं. मग माझा कागद पुन्हा वाचला.

"तुमी मोजून आले, राऊत भाऊ. बाकीचे ऐकून येतात."

त्या दिवशी मी पंच झालो.

पहिला पंचनामा दगडांचा. नागपूरच्या दुकानातून ओल्या कागदात गुंडाळून नऊ किलो 'जिवंत दगड' आले. पावतीवर तसंच लिहिलं होतं. गुलाबरावांनी एकेक दगड हातात घेतला, उलटा केला, वास घेतला. "जिता हाय म्हनते. नाडी कुठं हाय याची?" दगड पाण्यात गेले आणि टाकीत काहीच झालं नाही. एक आठवडा, दोन आठवडे, चार आठवडे. लोक बघायला यायचे आणि विचारायचे, "मासे कुठं हायेत?"

"पानी पिकून राह्यलं."

"पानी पिकते काय, साहेब?"

"सोयाबीन काय एका दिवसात येते?"

पाणी माशांना सोसेल का हे पाहायला ते रोज शिशीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंगाचा कागद लावून बघायचे. रंग मला ओळखायला सांगायचे, मग तोच रंग मंगलाला, मग झाडूपोछा करणाऱ्या सुमनबाईला. तिघांचं एकमत झालं की वहीत लिहायचे. सुमनबाई म्हणायची, "मले पगार झाडू माराचा देता का रंग सांगाचा?"

पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी दारातूनच हाक मारली. मी अर्ध्या दाढीनं गेलो. दगडाच्या एका भोकातून केसाएवढ्या काड्यांचा तपकिरी पंखा बाहेर आला होता. गुलाबरावांनी काचेवर नखानं टिचकी मारली. पंखा आत गेला. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. एक मिनिट वीस सेकंदांनी तो पुन्हा बाहेर आला.

"उगवला," गुलाबराव हळूच म्हणाले. त्यांच्या तोंडून कशाचीही अशी खात्री मी पहिल्यांदाच ऐकली.

मग मासे. थर्माकोलच्या खोक्यात, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, नागपूरच्या बसनं तीन मासे आले. बसस्टँडवर गुलाबरावांनी पिशव्या उजेडाकडे धरून मोजल्या, आणि मला मोजायला लावल्या. मागे ड्रायव्हर हॉर्न देत होता. दोन मासे नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. तिसरा पुढून पांढरा, मागून लाल आणि पाठीवर उदबत्तीसारखी एक उभी काडी. नावं ठेवायला त्यांनी नकार दिला. नमुना क्रमांक एक, दोन आणि तीन. पण एकदा मी खिडकीखालून जाताना आतून आवाज ऐकला: "जेवला का बे, तीन नंबर? कालपासून तोंड काहून उतरलं तुहं?"

जूनमध्ये वैशालीला मुलगी झाली. बारशाला या म्हणून तिचे फोन सुरू झाले. आता गुलाबरावांकडे घर होतंच, वर समुद्र होता. रोज दीड लिटर पाणी वाफेनं उडतं, तेवढं साधं पाणी रेघेपर्यंत भरावं लागतं, चिमूटभर खाणं टाकावं लागतं. शेवटी वैशालीनं मला फोन केला. "काका, बाबाले समजवा. आई गेल्यापासून ते एकदाही माह्या घरी आले नाई. आता नाई आले तं मी बोलावणंच सोडून देईन." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मी गेलो आणि म्हणालो, "चावी माह्यापाशी द्या. पाच दिवस मी पाहतो."

गुलाबरावांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. बियाण्याच्या पोत्याकडे ते असंच पाहत असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चावी आणि सत्तावीस सूचनांचे तीन कागद दिले. बसमध्ये चढल्यावर खिडकीतून ओरडले, "खानं मोजून टाकजा!"

मी मोजूनच टाकलं. पाणी रोज भरलं. दीड लिटर नाही, एक लिटर चारशे मिली लागलं, तेही लिहून ठेवलं. तिसऱ्या सकाळी ऑफिसातून फोन आला, तलावाची पातळी तातडीनं हवी होती, आणि मी खाणं टाकून घाईनं निघालो. चौथ्या सकाळी मासे मोजले. दोन. पुन्हा मोजले. दोन. दगडांच्या मागे टॉर्च मारला, वाळू न्याहाळली, गाळणीची जाळी उघडून पाहिली. तीन नंबर नव्हता. सूचना क्रमांक अकरा होती: 'झाकण चारही बाजूंनी दाबून लावणे. तीन नंबर उडी मारतो.' काल मी झाकण दाबलं होतं का? आठवेना. तलावाची पातळी मला सेंटिमीटरपर्यंत आठवत होती, झाकण आठवत नव्हतं.

मंगला म्हणाली, "नागपूरले फोन करा. दुसरा आना. त्याले काय समजते?"

खरं सांगतो, मी फोन केला. दुकानदार म्हणाला, तसाच आहे, संध्याकाळच्या बसला ठेवतो. मी "ठेवा" म्हणणार होतो. मग "राहू द्या" म्हणालो. माशाचं वाईट वाटत होतंच, पण मला भीती वेगळी होती. गुलाबरावांनी सहा वर्षांत पहिल्यांदा कोणावर तरी घर सोडलं होतं. आता ते पुन्हा कधी निघणार नाहीत, आणि वैशाली पुन्हा बोलावणार नाही. हे सगळं एका झाकणापायी. मी एका कागदावर माझा जबाब लिहिला: तारीख, वेळ, घाई, झाकण.

गुलाबराव सकाळी परतले. मी ऑफिसात होतो. दुपारी सुमनबाई आमच्याकडे भांड्याला आली आणि मंगलाच्या कानाशी लागली. संध्याकाळी मंगलानं मला सांगितलं, "तुमचा मासा टाकीमागं भेटला. सुकून काडी झालता. सुमनबाईनं स्टँड सरकवला तं झाडूत आला. साहेबानं हातावर घेतला, कढीपत्त्याखाली खड्डा करून पुरला. आन् तिले म्हने, राऊत भाऊले सांगशीन नको."

मी जबाबाचा कागद खिशात घालून गेलो. गुलाबराव टाकीसमोर बसले होते. प्रवासाचे कपडेही बदललेले नव्हते.

"या, राऊत भाऊ. वैशालीची पोरगी मले पाहून हासली. तपासलं म्या, तीनदा. दुसऱ्या कोनाले पाहून नाई हासत." मग म्हणाले, "चावी तुमच्याच पाशी राहू द्या. दिवाळीले पुन्हा जा लागते. वैशालीले हो म्हटलं."

"गुलाबराव, थो तीन नंबर..."

"हो. नाई दिसत."

"झाकण बहुतेक मी..."

त्यांनी हात वर केला. "पंचानं पाह्यलेलं सांगाचं असते. तुमी त्याले उडी मारतानी पाह्यलं का?"

"नाई."

"मंग झालं."

त्यांनी वही पुढे ओढली आणि त्या टपोऱ्या सरकारी अक्षरात लिहू लागले. एका एका शब्दाला वेळ घेत होते. मग वही माझ्याकडे फिरवली.

'नमुना क्रमांक तीन. मयत. कारण: वार्धक्य. संशय: कोणावरही नाही.'

तो मासा वाशीमला येऊन बाहत्तर दिवस झाले होते. आला तेव्हाच्या पंचनाम्यावर 'लहान पिल्लू' असं लिहिलं आहे, आणि त्याखाली माझी सही आहे.

गुलाबराव टाकीकडे बघत होते. मी पेन घेतलं आणि सही केली.