मेक्लिझिनवाले शिरसाठकाका

खरं सांगा, गाडी लागू नये म्हणून गोळी तुम्ही कधी घेता? घाट सुरू झाल्यावर? पोट ढवळायला लागल्यावर, शेजारच्याच्या मांडीवरून खिडकीकडे हात नेता नेता? मग तुम्ही आमच्या शिरसाठकाकांचे गुन्हेगार आहात.

नाशिकच्या पेठ नाक्याजवळ औषधांच्या दुकानात काका काउंटर सांभाळतात. कुणी उलटीची गोळी मागितली की त्यांचा पहिला प्रश्न, "गाडी किती वाजताची?"

"ही काय, लागलीये."

"मग गोळी मिळणार नाही. मेक्लिझिन एक तास आधी पोटात जायला हवी. आत्ता घेतलीत तर ती घाटातच बाहेर पडेल. पुढच्या गाडीने जा."

मालक कपाळावर हात मारतो. गिऱ्हाईक तरातरा समोरच्या दुकानात जातं. काका पायरीवर येऊन ओरडतात, "तिथलीही मेक्लिझिनच आहे! तिलाही तासच लागतो!"

कंपनीने ठेवलेलं नाव ते तोंडातून काढत नाहीत. "ते बारशाचं नाव. औषधाचं खरं नाव पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं. मागे बघा!" मी चळवळीतल्या घरात वाढले, जिथे जेवणाच्या ताटाखालीसुद्धा पत्रक असायचं. मोठ्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही. त्यामुळे काका मला पहिल्या भेटीतच पटले.

मग त्यांची उलटतपासणी, तीही अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी. "काचबिंदू? दमा? लघवी अडते? गाडी स्वतः चालवणार का?" एकदा एका नव्या सुनेला त्यांनी सासूसमोर विचारलं, "दिवस गेलेत का?" ती बिचारी नवऱ्याकडे बघायला लागली. काका म्हणाले, "त्याला काय विचारता? गोळी तुम्ही घेणार आहात."

एवढं सगळं जाणणाऱ्या या माणसाला स्वतःला भयंकर गाडी लागते. आणि त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलंय, ही गोळी तुम्ही घ्यायची नाही. आलं झालं, लिंबू झालं, पोटाला कागद बांधून झाला. शहराबाहेरचं पहिलं वळण आलं की काका गारद. त्यांची धाकटी बहीण विमल पेठला राहते, घाटापलीकडे. तिचे गुडघे गेलेत, तिला बसची पायरी चढवत नाही. भावाला वळणं झेपत नाहीत, बहिणीला पायऱ्या. आठ वर्षं दोघं फोनवर भेटत होती.

म्हणून पेठला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तिच्यासाठी काही ना काही जातं. मी वनजमिनीच्या सभेला निघाले तेव्हा माझ्या हाती मनुकांची पुडी आली. सोबत मला एक गोळी, तासभर आधी घ्यायची. माझ्या मैत्रिणीकडेही एक होती. "दोन घे, जास्त चांगलं," ती म्हणाली. घेतल्या. कंडक्टरने पेठला दोनदा हाक मारली म्हणे. मी डोळे उघडले तेव्हा बाहेरच्या पाट्या गुजरातीत होत्या.

परत आल्यावर काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "दोन घेतल्या? अहो कार्यकर्त्या, भाषण तुमचं होतं. झोप लोकांना यायला हवी होती." मग हळूच विचारलं, "मनुका?" पुडी माझ्या पिशवीतच होती. गुजरातेतलं धरमपूर बघून आलेली. काकांनी ती घेतली आणि खणात ठेवली. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. विमलताईंचा मुलगा सुरतेला असतो. त्या शनिवारी तो आईला कायमचं घेऊन जाणार होता. "सुरत म्हणजे मला चंद्रच," काका म्हणाले. "गुरुवारी पेठला जायचंय. येता? बिनगोळीचा निघालोय, कुणीतरी पिशव्या धरायला हवं."

गुरुवारी गाडी गच्च. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं, नजर लांब रस्त्यावर ठेवावी, हे काकांनीच शेकडो लोकांना सांगितलेलं. पण पुढच्या सीटवर एक धडधाकट गृहस्थ, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बॅग बसलेली.

"बॅगेला गाडी लागते का?" मी विचारलं.

"आधी आलोय आम्ही," ते म्हणाले. आम्ही म्हणजे ते आणि बॅग.

मी समतेवर बोलायला सुरुवात केली. काका कानाशी पुटपुटले, "पत्रक नंतर वाटा. मला आत्ता पिशवी द्या." तेवढ्यात पलीकडच्या पुढच्या सीटवरची बाई उठली. द्राक्षबागेचं काम उरकून गावाकडे निघालेली, पायाशी बोचकं. "बाबा, हितं बसा. मला नाय होत काय." घाट संपेपर्यंत ती उभी होती. वळण आलं की आधीच सांगायची, "बाबा, आता डावीकडं. धरा." पाच पिशव्या संपल्या. काकांनी एकदाही थांबवा म्हटलं नाही.

विमलताई दारातच खुर्चीवर बसल्या होत्या. भावाचा हिरवट चेहरा बघून म्हणाल्या, "आधी चूळ भर. मग रड." काकांनी चूळ भरली. रडायचं राहूनच गेलं, कारण दोघं एकमेकांचे केस किती पांढरे झाले यावरून भांडायला लागली.

निघताना काकांनी खिशातून एक गोळी काढली. शनिवारच्या प्रवासासाठी. बहिणीला काचबिंदू नाही, दमा नाही, हे त्यांनी तिच्या डॉक्टरांना फोन करून आधीच विचारून ठेवलं होतं. "दहाला निघाल तर नऊला घे. पुढच्या घाटात झोपशील. काही कळणार नाही."

"मला कळलं तर चालेल," विमलताई म्हणाल्या.

काकांनी गोळी तिच्या मुठीत ठेवली आणि मूठ तशीच धरून ठेवली. आमची परतीची पहिली गाडी गेली. दुसरीही गेली.

एकच मागणं आहे. बसमध्ये तुम्ही पुढे बसला असाल आणि कुणी तोंडाला रुमाल धरून चढलं, तर त्याने विचारायची वाट बघू नका. उठा, त्याला जागा द्या. पलीकडे त्याची कुणीतरी वाट बघत असेल.