पायासकट या

दादाराव काका माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय बघतात. बजाजनगरात आमच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी मी त्यांना चहाला बोलवायला गेलो, तर "ये, बस" राहिलं बाजूला. माझ्या चपलांकडं बघून म्हणाले, "टाच बाहेर येतीय. रिजेक्ट!"

मूळचे गंगापूरकडचे. वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं तपासणी खात्यात होते. एक पार्ट दुसऱ्यात नीट बसतो की नाही, एवढंच बघायचं. नोकरी संपली, खोड गेली नाही. आमच्या कुकरचं झाकण, दाराची कडी, माझ्या मेहुण्याचं लग्नातलं जाकीट, सगळं त्यांच्याकडून रिजेक्ट झालेलं आहे. काकू गेल्यापासून तर त्यांना दुसरा उद्योगच नाही.

यंदा डॉक्टरांनी मला पळायला सांगितलं. मी हे फक्त बायकोला बोललो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात हजर. "बूट घेतले का? नाय ना? मंग मी येतो संगं."

आता बूट घ्यायला असा किती वेळ लागतो? आम्हाला चार फेऱ्या लागल्या. पहिल्यांदा लगेचच निघालो, तर शहागंजच्या बाजारात, बुटांच्या दुकानापाशी पोचल्यावर काका थबकले. "आरं, सकाळी पाय आखडलेला असतो! दिवसभर वापरून जरा फुगला की खरं माप." आलो परत. दुसऱ्यांदा संध्याकाळी गेलो, तर माझे मोजे पातळ निघाले. पळताना घालायच्या मोज्यांवरच माप घ्यायचं असतं म्हणे. तिसऱ्यांदा दुकान बंद होतं. तो दोष मात्र काकांचा नाही.

चौथ्यांदा दुकानदार सलीमभाईंनी "आओ इन्स्पेक्टर साब" म्हणत स्टूल पुसून दिलं. माझा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा निघाला. चाळीस वर्षं वापरतोय, मला पत्ता नाही! "मोठ्या पायाचं माप धर. पुढं अंगठ्याएवढी जागा पायजे, अन् टाच हलाया नाय पायजे." मग मला गल्लीत पळायला लावलं. भर बाजारात, कांद्याच्या गाड्याला वळसा घालून, पोट सावरत. लोक चहा पिता पिता बघत होते. सात जोड रिजेक्ट झाले. आठवा, नऊ नंबरचा, पास. खरं सांगतो, बूट पायात आहे हे कळतच नव्हतं.

दुकानात एक पाटी आहे : 'बूट बदलून हवा असल्यास पायासकट या.' ती काकांनीच लावायला लावली. "ज्याचा पाय, तो हजर पायजे. अंदाजानं बूट घेणारा माणूस लई येडा."

मी नाडी बांधत होतो. काका सलीमभाईंना म्हणाले, "असाच अजून एक दे. आठ नंबर. संजूला धाडायचाय पुण्याला."

संजू म्हणजे काकांचा एकुलता एक. मी त्याला एकदाच पाहिलाय, काकूंच्या दहाव्याला. माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या, आलेला नाही. फोनवर म्हणतो, सुट्टी मिळाली की बघतो.

सलीमभाईंनी डोकं खाजवलं. "साब, संजू को तो दस लगता ना? यहींच से लेके गया था."

"ठाऊक हाय मला."

"फिर आठ में पाँव कैसे जाएगा?"

"नाय जाणार."

मी नाडी सोडून वर बघितलं. तीस वर्षांत एक चुकीचा पार्ट पुढं जाऊ दिला नाही, हे त्यांच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलं होतं. काकांनी तो जोड हातात घेतला, सवयीनं शिलाई तपासली, तळवा वाकवून पाहिला आणि दोन्ही बूट कागदात नीट गुंडाळून डब्यात ठेवले. मला फार वाईट वाटलं. मी पुन्हा नाडीला लागलो.

काका पाटीकडं बघत होते.

"सलीम," ते म्हणाले, "दहाचा जोड बाजूला ठिव. दुसऱ्या कुणाला इकू नगं. बदलायला येईल तो."