गोदाघाटी कावळे शिवेनात, त्या सायलेन्सराची हकीकत

श्रीगोदामाई प्रसन्न. ऐकणारांचे सेवेसी विनंती ऐसी जे, पंचवटीकर उपाध्ये राजमान्य राजेश्री देवव्रत गुरुजी यांणी आपले मोटरसायकलीस नवा सायलेन्सर चढविला, आणि त्यावरून इंजिनाचे ट्यूनिंग करावे की न करावे ऐसा जो कज्जा उभा राहिला, तो कावळ्यांचे दरबारी कैसा निकाली निघाला, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहितो. पदरचे मीठ पडले असेल तर ते चवीपुरतेच.

गुरुजींचे वाहन काळेभोर आणि भारदस्त, परंतु आवाज ऐसा गरीब की गल्लीतले कुत्रेही मान वर करीना. हा सल मनी धरून गुरुजींनी जुना इमानी सायलेन्सर माळ्यावर टाकिला आणि मोकळ्या नळीचा नवा बसविला. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले की, लावा आणि पळवा, ट्यूनिंगची काडीमात्र गरज नाही. गुरुजींस जे ऐकावयाचे होते तेच कानी पडले, सबब ते वेदवाक्य मानिले. परंतु गृहस्वामिनी संपदाबाईसाहेब, ज्या अंबडच्या कारखान्यात इंजिनीअर, यांणी त्याच सांजेस फर्मान काढिले की, धुराची वाट मोकळी केली, हवा वाढली, पेट्रोल मात्र तितकेच, ऐशाने इंजिन अर्धपोटी चालते, आणि म्हणूनच वेगाची मूठ सोडताच नळीतून बार फुटतात, तरी ट्यूनिंग सत्वर करून घेणे. गुरुजींनी हुकूम ऐकिला आणि कानाआड केला. बायकोचे एकदा खरे मानिले म्हणजे पुढे दर खेपेस मानावे लागते, ही धास्ती मोठी.

ऐशात दिंडोरीचे द्राक्षबागाईतदार गेणूतात्या कैलासवासी जाहले, आणि दहाव्याचे विधीस सारे गोत गोदाघाटी उतरले. पुत्र संतोषराव, पत्नी लंकाबाई, आणि कन्या उज्वलाबाई, ज्या इगतपुरीस रेल्वेचे इंजिन हाकण्याचे कामी रुजू. घरच्यांचा मनसुबा की पोरीने ती नोकरी सोडावी आणि पाहून ठेविलेल्या स्थळास होकार द्यावा. पोरीने तो मनसुबा कधीच धुडकाविला होता.

पिंड मांडिले. कावळा शिवला तर आत्मा तृप्त, न शिवला तर काही इच्छा उरली, ऐसा रिवाज. काकसैन्य समोरील पिंपळावर जय्यत तयार होते, आणि उतरणार तोच लंकाबाईंस आठवले की तात्यांस जिलबी फार प्रिय. मग गुरुजी म्हणाले की, परगावच्या मंडळींस कशास तसदी, मीच आणितो. तसदी कसली, स्वारीची हौस. जिलबी घेऊन घाटाचे उतारास लागताच गुरुजींनी मूठ सैल सोडिली, आणि फाट् फाट् ऐसे बार निघाले, आणि काकसैन्य उधळून नदीपार गेले. गुरुजींचे चित्त जिलबीचे पाकात, सबब ध्यानी आले नाही.

इकडे संतोषरावांनी हात जोडून कबुली दिली की, "तात्या, बाग इकणार नाय. निवांत ऱ्हावा." कावळे हळूहळू पिंपळावर परतले. तोच तात्यांचे बंधू, पोरांचे चुलते, बोलिले की, तात्या मिसळीबिगर नाशकातून कधी माघारी फिरले नाहीत. मग मिसळ आणावयास पुन्हा स्वारी निघाली, आणि पुन्हा तोफा डागीत परतली, आणि पुन्हा पिंपळ रिकामा जाहला. संतोषरावांनी आणखी कबुली दिली की आईस अंतर देणार नाही. कावळा फिरकेना.

तेव्हा उज्वलाबाई पुढे सरल्या आणि बोलिल्या की, "गुरुजी, तुमच्या गाडीचं ट्यूनिंग..."

संतोषराव कडाडले की, "तुला इंजिनाबिगर काय सुचतं का? हितं बापाचा जीव अडकलाय!"

गुरुजींनी एकवार रिकाम्या पिंपळाकडे पाहिले, एकवार सायलेन्सराकडे. सर्व उमगले. परंतु बोलावे तर यजमानांपुढे शोभा, आणि घरी संपदाबाईंचा विजय. सबब गुरुजी उगाच दर्भ मोजीत बसले.

मग चुलत्यांनी निवाडा दिला की, तात्यांचा जीव पोरीतच गुंतला आहे. लंकाबाई रडत म्हणाल्या, "बाई, व्हय म्हण. बापाला मोकळं कर तुझ्या." उज्वलाबाईंचा चेहरा उतरला, डोळे भरले, आणि जी पोर डोंगरघाटात आगगाडी हाकी तिचे हात जोडिले गेले, आणि होकाराचा शब्द ओठी आला.

तेव्हा गुरुजींस स्वतःची लाज वाटली. बार आपण काढावे आणि मोल या पोरीने द्यावे, हे पाप कोणत्या कुंडात धुवावे? ते ताडकन् उठून तिचे पुढे उभे राहिले, आणि पिंडापुढे हात जोडून मोठ्याने बोलिले, "गेणूतात्या, लेकीचा काही दोष नाही. कावळे माझ्या गाडीनं उडवले. उद्या ट्यूनिंग करून घेतो, आणि आज गाडी सुरू न करता ढकलत घरी नेतो."

संतोषरावांनी बाह्या सरसाविल्या. तेवढ्यात एक थोराड कावळा नदीपारहून आला, आणि जिलबीस न पाहता, मिसळीस न हुंगता, नेमका पिंडास शिवला.

चुलते थक्क होऊन बोलिले, "म्हंजी तात्यांचा जीव त्या गाडीच्या इंजिनात अडकला व्हता?"

लंकाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "अडकंल नाय तर काय! ट्रॅक्टरचा आवाज जरा फिरला तर घास उतरत नव्हता त्यांना." मग लेकीकडे वळल्या. "पोर कुणावर गेली म्हनायची मग?"

संतोषरावांनी सरसाविलेल्या बाह्या खाली केल्या.

येणेप्रमाणे रण संपले. गुरुजी वाहन ढकलीत घाटाचा चढ चढले, आणि मागून उज्वलाबाईंनी हात लाविला. घरी संपदाबाईंनी विचारिले की, मी महिनाभर सांगत होते ते पटले नाही, आणि कावळ्याचे पटले? दुसरे दिवशी ट्यूनिंग जाहले, बार थांबले. तेरावे उरकून उज्वलाबाई इगतपुरीस कामावर रुजू जाहल्या, आणि निरोप द्यावयास फलाटावर लंकाबाई स्वतः आल्या, ऐसी फत्ते दफ्तरी नोंदविली असे.