गुंडोअण्णांची संमती

माणूस पाहतो डोळ्यांनी, पण त्याचे पाहणे कायदेशीर होते ते सहीने. म्हणूनच नेत्रविज्ञान कितीही पुढे गेले, तरी डोळ्याच्या आधी कागदाला हात घालावा लागतो.

हेब्बाळच्या ‘नेत्रोन्नती’ रुग्णालयात विज्ञान फारच पुढे गेले आहे. तिथला लेझर एका केसाचे उभे पन्नास काप करतो (केस स्वतःचा आणावा लागत नाही). मोतीबिंदू सात मिनिटांत निघतो. त्या जागी बसवायच्या भिंगाचे चार प्रकार आहेत: लांबचे दिसणारे, जवळचे दिसणारे, दोन्ही दिसणारे आणि विम्यात बसणारे. वेळ वाया जाऊ नये म्हणून आधी दोन्ही डोळ्यांत थेंब घालतात. त्याने समोरचे सगळे पिठात बुडवल्यासारखे दिसू लागते. मग संमतिपत्र वाचायला देतात.

संमतिपत्र आठ पानी असून सात भाषांत आहे. सातही भाषांत अक्षर मुंगीच्या पायाएवढे ठेवून कोणत्याही भाषेवर अन्याय होऊ दिलेला नाही. आजवर अडतीस हजार चारशे बारा रुग्णांनी ते ‘वाचले व समजले’. सरासरी वेळ चार सेकंद (पैकी तीन पेन शोधण्यात).

अशा सुरळीत कारभारात एका मंगळवारी गुंडोअण्णा आले.

गुंडोअण्णा चाळीस वर्षे त्याच शहरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत लेथवर होते. लोखंडातला केसभर फरक त्यांच्या बोटाला कळे. अक्षर मात्र एक कळत नसे. जिथे तिथे अंगठा. एकसष्टाव्या वर्षी त्यांची नात सिद्धी पहिलीत गेली, तेव्हा तिच्या पाटीशेजारी बसून तेही पहिलीत गेले. सही जमली त्या दिवशी त्यांनी नेम केला: न वाचता सही करायची नाही. (बँकेने तेव्हापासून त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवली आहे.) दहा वर्षे त्यांनी हाती येईल ते वाचले, भेळेचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी. आणि मग मोतीबिंदूने एकेक अक्षर परत न्यायला सुरुवात केली. म्हणून त्यांनी जवळचे दिसणारे भिंग निवडले होते. लांबचे काय, ते चालत गेले की जवळ येते.

हिरवा झगा घालून, थेंब घेऊन ते बसले. मराठी रुग्णांसाठी नेमलेल्या बीदरच्या शिवलीलाने कागद पुढे केला.

“अण्णा, इथं सही.”

“वाचून करतो, अम्मा.”

“थेंब घातलेत ना. आता काही दिसायचं नाही.”

“मग दिसायला लागल्यावर करतो.”

“दिसायला ऑपरेशन व्हायला पाहिजे.”

“करा की.”

“त्याला सही पाहिजे, अण्णा.”

“सरी, बरं. वाचून करतो.”

शिवलीलाने हे संभाषण पहिल्यापासून पुन्हा एकदा केले. निष्कर्ष तोच निघाला.

“अप्पा, मी वाचून दाखवतो,” मुलगा वासुदेव म्हणाला.

“पीण्यात सुपरवायझरनं पण वाचून दाखवलं होतं. रजेचा अर्ज म्हणाला. राजीनामा निघाला.”

“मी तुमचा मुलगा आहे.”

“तो पण मला अप्पा म्हणायचा.”

लेझर चाळीस मिनिटे रिकामा बसला. तातडीची बैठक भरली. एक सूचना अशी आली, की एक डोळा संमतीशिवाय दुरुस्त करावा, त्या डोळ्याने रुग्णाने संमतिपत्र वाचावे, आणि संमती नाकारल्यास मोतीबिंदू होता तिथे परत बसवावा. कायदा विभागाला हे फार आवडले. परंतु परत बसवण्याचे तंत्र अजून प्रगत झालेले नाही, असे मुख्य डॉक्टर कृष्णमूर्तींनी खेदाने कळवले.

तेवढ्यात अण्णांना आठवले, की आपल्या पिशवीत लेथच्या हत्याराची धार तपासायचे जुने भिंग आहे. पिशवी नियमाप्रमाणे जमा होती. बाहेरचे भिंग आत आणायला मनाई होती (सिनेमागृहात बाहेरचे खाणे नेतात का?). अखेर डॉक्टर म्हणाले, “द्या हो. स्वल्प वेळच लागेल.”

दोन तास लागले. अण्णा भिंग डोळ्याला चिकटवून मोठ्याने वाचत होते. हळूहळू हिरव्या झग्यांची गर्दी जमली. कलम सात: लेझर आपले काम आपल्या समजुतीने करील. कलम आठ: ऑपरेशननंतर जग पूर्वीपेक्षा वाईट दिसल्यास तो जगाचा दोष मानला जाईल. कलम दहा: रुग्णाने आपला हसरा फोटो रुग्णालयाच्या भिंतीस कायमचा दिला आहे. गर्दीतून वाहवा आली. कलम बावीसला अण्णा थांबले.

“अम्मा, माझा गुडघा बरा आहे.”

शिवलीलाने वाकून पाहिले. ‘उजवा गुडघा काढून नवा बसवण्यास माझी संमती आहे.’ बाकीच्या भाषा तपासल्या. कन्नडमध्ये गुडघा, तेलुगूत गुडघा; इंग्रजी प्रत सुधारित असल्याने तीत दोन्ही गुडघे. मग गुडघ्यांच्या रुग्णांनी काय काढायला संमती दिली आहे, ते पाहायला एक माणूस दुसऱ्या मजल्यावर, त्याच मालकांच्या गुडघ्यांच्या रुग्णालयात धावत गेला (त्याचे गुडघे स्वतःचे होते).

अण्णांनी गुडघ्यावर रेघ मारली आणि सावकाश, मात्रा-वेलांटीसह सही केली. ऑपरेशनला सात मिनिटे लागली.

सकाळी पट्टी काढली. भिंतीवरच्या तक्त्याकडे न बघता अण्णांनी पिशवीतून संमतिपत्राची प्रत काढली आणि भिंगाशिवाय डोळ्यांपुढे धरली. ओठ हलू लागले. मुंगीचे पाय एकेक करून चालत आले, ओळीत उभे राहिले. अण्णा हसले. मग कपाळाला आठी पडली.

“अम्मा, आठ झालं की एकदम दहा. नववं कुठाय?”

शिवलीलाने पाहिले. डॉक्टरांनी पाहिले. नववे कलम कधी नव्हतेच. अडतीस हजार चारशे बारा जणांना त्याची उणीव भासली नव्हती.

ती कलमे वर आपल्यासाठीही छापली होती: सात, आठ, दहा. आपले डोळे उत्तम आहेत. आपण ती वाचली व समजली, अशी नोंद करून घेतली आहे.