शुद्ध पाण्याचा उजेड

त्या सकाळी बाबांनी लेकीच्या काचनळ्या घासल्या. बाबा निवृत्त वायरमन. कुठलंही काम अर्धवट पडलेलं दिसलं, की त्यांचे हात शिवशिवायचे. लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिथल्या नळावर भरवसा नाही, म्हणून तिने बारा नळ्या घरीच सौम्य आम्लात भिजवल्या होत्या. ती आंघोळीला गेली तेवढ्यात बाबांनी त्या बाहेर काढून लख्ख केल्या आणि पुन्हा पेटीत लावून ठेवल्या. सांगण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटलंही नाही, आणि निघायच्या घाईत तिनेही विचारलं नाही.

दुपारी तिची पाणी तपासायची नवी पद्धत मंजुरीसाठी प्रयोगशाळेच्या समितीपुढे होती. नळीतल्या द्रावणात पाण्याचा थेंब सोडायचा. पाण्यात तांब्यासारख्या धातूचा अंश असला, तर तो शरीरातल्या एन्झाइमसारखा द्रावणातली क्रिया चेतवतो आणि अंधारात निळा उजेड पडतो. शुद्ध पाण्याला मात्र काळोखच राहायला हवा. दोन वर्षांची मेहनत त्या काळोखावर टांगलेली होती.

दिवे मालवले. तिने आधी शुद्ध पाण्याचा थेंब सोडला. नळी अशी उजळली, की अध्यक्षांना आपली टिपणं वाचता आली.

"हे कुठलं गटार?"

"शुद्ध पाणी आहे, सर."

बाराव्या नळीपर्यंत खोलीभर रोषणाई झाली. अध्यक्षांनी उपकार केल्यासारखी महिन्याची मुदत दिली.

तिने बाहेर येऊन घरी फोन लावला. बाबांनी खुशीत सांगितलं, तळाशी बोट पोचेना, म्हणून तारेला फडकं गुंडाळलं.

"तांब्याची घेतली हो. लोखंडाचा गंज लागला असता. छान झाल्यात ना?"

"माझ्या कामात पुन्हा हात घालू नका," म्हणून तिने फोन ठेवला.

रात्री जेवताना त्यांनी दोनदा विचारलं, नोकरीला धोका नाही ना. ती मानेनेच नाही म्हणाली. सकाळी बाबा उठलेच नाहीत.

महिन्याने नव्या नळ्या, तीच समिती. शुद्ध पाणी बाराही वेळा काळंकुट्ट राहिलं. पद्धत मंजूर झाली, मंडळी चहाला गेली. तिने दिवे लावले नाहीत. खणातून न धुता जपलेली एक जुनी नळी काढली, द्रावण भरलं, शुद्ध पाण्याचा थेंब सोडला. निळा उजेड पडला.

तेवढ्यात विसरलेला चष्मा शोधत अध्यक्ष आत आले आणि दारातच थबकले.

"हे कुठलं पाणी?"

मंजुरीच्या कागदावरची शाई अजून ओली होती.

"शुद्धच आहे, सर. नळी माझ्या बाबांनी घासलीय."

अध्यक्षांनी त्याच उजेडात टेबलावरचा चष्मा उचलला आणि दार हळूच ओढून घेतलं.

उजेड विझत आला तशी ती नळीकडे वाकली.

"छान झाल्यात, बाबा," ती म्हणाली. "फार छान झाल्यात."