फणसपोळीच्या पाकिटावरून माजलेले काप्या-बरक्याचे रण

हेदवीच्या दशभुजा गणपतीस दंडवत घालून, त्याच्या दहा हातांपैकी एक तरी आमच्या डोक्यावर राहो ऐसे मागून, गुहागर प्रांती वैशाखमासी जे रण माजले त्याची हकीकत लिहिते. यात खोटे काही नाही. मीठ आहे, ते चवीपुरते.

गुहागरी हरिहरपंत निवृत्त हेडमास्तर, नारळी-पोफळीचे धनी, आणि त्यांचे कुटुंब मालिनीबाई, माजघर व स्वयंपाकघर या दोन सुभ्यांच्या खाशा मालकीण, ऐसे नांदत होते. त्यांची सून नीरजाबाई मोठी हिकमती. तिने मनसुबा केला की सासूबाईंच्या हातची फणसपोळी रत्नागिरीच्या प्रदर्शनात मांडावी आणि आपल्या हिमतीवर नाव करावे. टेबल मिळाले, परंतु पाकीट नव्हते. छापखानेवाला गौरव याने निर्वाणीचे कळविले की आज दिवेलागणीच्या आत चित्र न आले तर दुधाच्या पिशवीत घालून विका. मग नीरजाबाईंनी मोबाईलातील एआय नामे वकिलास पाचारण केले, जो न जेवता न निजता सांगाल ते चित्र काढितो, आणि त्यास फणसाचा हुकूम दिला.

वकिलाने क्षणात चित्र रुजू केले. पाहतात तो फणस आंब्यासारखा फांदीच्या शेंड्यास लोंबतो आहे आणि खाली एक गोरी बाई टोपली धरून हसते आहे. पंतांनी शेरा मारिला की फणस खोडास लागतो हे ज्यास ठाऊक नाही त्यास चौथीतून वर घालू नये, आणि तो फणस सुटला तर बाईचे हसणे तेथेच आटोपेल. मग वकिलाने माफी मागितली, फणस खोडास लाविला, आणि एक फोडून गरेही दाखविले. गरे पिवळेधमक, कडक, काप्याचे.

येथे ठिणगी पडली. फणसाच्या जाती दोन, काप्याचा गरा कडक, बरक्याचा लिबलिबीत, आणि फणसपोळी होते ती बरक्याच्याच रसाची, हे त्या मुलखी पोरासोरांस ठाऊक. मालिनीबाई झोपाळ्यावरून उतरल्या, आणि पोळ्यांच्या खोलीस कुलूप ठोकिले, आणि किल्ली कमरेस खोवून फर्मान सोडिले की पाकिटावर बरका येत नाही तोवर एक पोळी उंबरा ओलांडणार नाही. नवरीच्या जागी करवलीचा फोटो छापता काय? पंतांनी जाब दिला की बरका चित्रात सांडलेल्या पिठल्यासारखा दिसतो. बाईंनी उलट जाब दिला की लग्न ठरविताना दाखविलेल्या फोटोत तुम्हीही तसेच दिसत होतात, तरी आम्ही नकार कळविला नाही.

मग उभयतांनी वकिलास एकेकटे गाठिले. पंतांनी पडवीत मोबाईल तोंडाशी धरून विचारिले, तो वकील म्हणाला, आपले अगदी बरोबर, कापाच शोभेल. बाईंनी मागीलदारी नेऊन विचारिले, तो म्हणाला, फार मोलाचे बोललात, बरकाच हवा. दोघेही गुलाल उधळल्यासारखे माजघरात आले आणि वकील आपल्याच पक्षाचा म्हणून अधिकच भांडू लागले. तिकडे सूर्य समुद्रास टेकला. नीरजाबाईंच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि त्या पाण्यातूनच तिने ताडिले की हा वकील दोन्ही दरबारी होच म्हणतो, आणि या घरात नेमके तेच आजवर कोणी म्हटले नव्हते.

मग तिने वकिलास हुकूम केला की पाकिटाच्या एका अंगास कापा काढ आणि दुसऱ्या अंगास बरका. सासऱ्यांस सांगितले, पुढची बाजू तुमची. सासूबाईंस सांगितले, पुढची बाजू तुमची. किल्ली कमरेतून सुटली, आणि गौरव शटर ओढीत असता चित्र छापखान्यात दाखल जाहले.

रत्नागिरीस पंतांनी सर्व पाकिटे कापा पुढे करून मांडिली. ते पाणी प्यावयास गेले, तो बाईंनी सर्व फिरवून बरका पुढे केला. पंत परतले, पुन्हा कापा. बाई खोकल्या, पंत त्यांस पाणी आणावयास गेले, पुन्हा बरका. ही कवायत पाहावयास ऐसी दाटी लोटली की समोरचा कोकमवाला आपले गिऱ्हाईक सोडून पाहावयास आला, आणि पाहता पाहता दोन पाकिटे घेऊन गेला. उन्हे कलण्याआधी पाकिटांचा डबा रिता जाहला.

परतताना एस्टीत उभयतांनी आळीपाळीने, दुसऱ्यास नकळत, वकिलास पुसले की फत्ते कोणाची. वकिलाने दोघांसही लिहिले, आपलीच. सबब या दप्तरीही तैसेच दाखल केले आहे. नीरजाबाईंनी मात्र काही पुसले नाही. मांडीवर रिकामा डबा घेऊन ती खिडकीशी गाढ झोपली होती.